जिन, ट्रक आणि घसाऱ्याचा तक्ता : प्रस्तावना

वऱ्हाडात ३ ऑक्टोबर या तारखेला कुणी मुहूर्त मानत नाही. आपले खरेदीचे दिवस म्हणजे दसरा, धनत्रयोदशी, पाडवा आणि अक्षय्य तृतीया. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये नवे यंत्र बसायचे असो, परतवाड्याच्या लाकूड व्यापाऱ्याला नवी करवत मशीन आणायची असो की अमरावतीच्या डॉक्टरांना गाडी घ्यायची असो, पंचांग पाहिल्याशिवाय पाऊल पडत नाही. आयकराच्या हिशेबात मात्र यातल्या कुठल्याही दिवसापेक्षा ३ ऑक्टोबरला जास्त वजन आहे. नवे यंत्र किंवा वाहन खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्या वर्षी घसारा निम्म्याच दराने मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजत गेले की एकशे ऐंशीवा दिवस ३ ऑक्टोबरला येतो. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४ ऑक्टोबरला. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. त्या दिवशी कामाला लागलेल्या ट्रकला पूर्ण घसारा, आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरच्या धनत्रयोदशीला लागलेल्या ट्रकला अर्धा. २०२४ मध्ये दसराच १२ ऑक्टोबरला होता, २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. त्या दोन्ही वर्षी दसऱ्याची खरेदी अर्ध्यावर गेली. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्या दिवशी कामाला लागलेल्या वाहनाला दोन दिवसांच्या वापरावर अर्ध्या वर्षाचा घसारा मिळाला. अक्षय्य तृतीया वर्षाच्या सुरुवातीलाच येते, म्हणून तिच्या खरेदीला ही अडचण कधीच नसते.

मुहूर्त सोडा, असे मी सांगत नाही. दसऱ्याला पूजा करावीच. पण वीस-पंचवीस लाखांचे यंत्र घेताना कायद्याची तारीखही पंचांगाशेजारी मांडून बघावी, एवढेच म्हणणे आहे. ही पुस्तिका त्यासाठीच आहे.

लहान व्यावसायिकांची विवरणपत्रे तयार करताना मला दोन तऱ्हेची माणसे सतत भेटत आली. घसारा म्हणजे सीएने तक्त्यात भरायचा आकडा, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे समजणारी काही. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘सायेब, गाडी घेऊन टाकतो, म्हंजे टॅक्स वाचन’ म्हणत येणारी काही. पहिल्यांचा हक्क बुडतो, दुसऱ्यांची रोकड अडकते. या दोघांनाही समोर ठेवून पुढची प्रकरणे लिहिली आहेत, म्हणून इथे विषयाची ओळख जरा सविस्तर करून देतो.

कायद्यातली मूळ कल्पना सरळ आहे. डिझेल, मजुरी, वीज, बारदाना हा खर्च त्या-त्या वर्षातच संपतो, म्हणून तो त्या वर्षाच्या उत्पन्नातून पूर्ण वजा होतो. जिन, कन्व्हेयर, ट्रक, संगणक वर्षानुवर्षे कमाई देतात, म्हणून त्यांची किंमत एकदम वजा होत नाही. दरवर्षी थोडी थोडी झिजल्याचे धरून वजावट मिळते. दर सरकारने ठरवलेले आहेत. फर्निचर आणि फिटिंगला १० टक्के, सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५, स्वतःच्या व्यवसायासाठी वापरायच्या मोटारीला १५, भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या ट्रक, बस व टॅक्सीला ३०, संगणक आणि त्यातल्या सॉफ्टवेअरला ४०. जिनिंगच्या छपरावर सौर ऊर्जेचे पॅनेल बसवले तर त्यावरही ४०. डॉक्टरांनी घेतलेला व्हेंटिलेटर, एमआरआय, कलर डॉप्लर ही जीवरक्षक उपकरणांच्या यादीतली यंत्रे, त्यांनाही ४०. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत खासगी रुग्णालयांची संख्या मोठी आहे, तरी ही यादी उघडून पाहिलेले डॉक्टर मला फार थोडे भेटले. सगळी यंत्रे एकाच १५ टक्क्यांच्या रकान्यात ढकललेली दिसतात.

हा दर दरवर्षी मूळ किमतीवर लागत नाही, आदल्या वर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. एक लाखाच्या यंत्रावर पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ८५,००० वर १२,७५०, आणि असेच पुढे. त्यामुळे किंमत कमी कमी होत जाते, पण शून्यावर कधी येत नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले, १९२३ पासून कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने गाडी ओढली. आजच्या नियमाने एक लाखाच्या यंत्रावर १५ टक्क्यांनी सलग ७० वर्षे घसारा काढला, तरी शेवटी वहीत एक रुपया पंधरा पैशांच्या आसपास शिल्लक राहतात. यंत्राचे खरे आयुष्य आणि कायद्याने धरलेली झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने यंत्र उत्तम चालते म्हणून घसारा नाकारला जात नाही, आणि नवे यंत्र दोन वर्षांत मोडीत निघाले म्हणून उरलेली सगळी किंमत लगेच वजाही होत नाही.

एप्रिल १९८८ पासून सुरू झालेल्या कर निर्धारण वर्षापासून हा हिशेब एकेका यंत्राचा राहिला नाही, गटाचा झाला. एकाच दराची सगळी यंत्रे एका गटात बसतात. नवे आले की गटाची किंमत वाढते, जुने विकले की विक्रीची रक्कम गटातून वजा होते. त्याआधी प्रत्येक यंत्राचे वेगळे पान ठेवावे लागे. गटामुळे मुनिमांचे काम हलके झाले, पण मालकाच्या नजरेतून यंत्र निसटले. सहा वर्षांपूर्वी भंगारात दिलेली मोटार गटात तशीच आहे, विक्रीचे पैसे भलत्याच खात्यावर जमा आहेत, असे प्रकार तपासणीत निघतात तेव्हा उत्तर द्यायला कुणाकडेच कागद नसतो. कायदा मागत नसला तरी यंत्रांची एक साधी यादी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे: काय घेतले, कधी, कुणाकडून, पैसे कसे दिले, कधी चालू झाले, कधी विकले.

आता जिनकडे येतो. वऱ्हाडात घसाऱ्याचा खरा प्रश्न जिनच्या आवारातच उभा राहतो. जिनिंगचा धंदा हंगामी. कापूस दिवाळीच्या सुमारास यायला लागतो, एप्रिलपर्यंत चालतो, आणि पावसाळाभर जिन बंद. अकोट, दर्यापूर, तेल्हारा, कुठेही गेलात तरी जूनमध्ये आवारात सरकीचा ढीग नसतो, पट्टे सैल करून ठेवलेले असतात, शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत असतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हा कित्येकांचे रोलर हंगामातही पुरते फिरले नाहीत. कायदा म्हणतो, यंत्र व्यवसायासाठी वापरलेले हवे. मग जे फिरलेच नाही त्याचा घसारा मिळतो का?

या प्रश्नावर देशभर ज्या निकालाचा दाखला दिला जातो तो एका जिनचाच आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर आयुक्त विरुद्ध साठे हे प्रकरण आले. जिन मालकांनी आपसांतली स्पर्धा थांबवायला पूल केला होता. पुलात काही कारखाने चालत, काही बंद ठेवले जात, आणि नफा ठरल्याप्रमाणे वाटला जाई. साठे यांचा कारखाना करारानुसार बंद होता, पण केव्हाही चालवता येईल असा सज्ज ठेवायचा होता. आयकर खात्याने पुलातून मिळालेल्या नफ्यावर कर लावला आणि घसारा मात्र यंत्र वापरले नाही म्हणून नाकारला. न्यायालयाने घसारा मान्य केला. वापर म्हणजे नुसते फिरणे नव्हे. सज्ज अवस्थेत ठेवणे हाही वापरच, कारण ते यंत्र तसे ठेवले नसते तर ज्या नफ्यावर कर मागता तो नफाच झाला नसता, असा त्या निकालाचा गाभा. बंद यंत्रही झिजते, पावसाळ्यात तर विशेषच, हेही न्यायालयाने नमूद केले. जिनच्या पत्र्याचे आणि लोखंडाचे पावसाळ्यात काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वाक्य समजवावे लागत नाही.

या निकालाला आता नव्वद वर्षे होत आली. त्याच्या आधारावर हंगामी धंद्याला आजही घसारा पूर्ण मिळतो. मर्यादाही ध्यानात घ्यावी. यंत्र सज्ज हवे आणि धंदा चालू हवा. जिन कायमची बंद करून प्लॉट पाडायला काढली, आवारात मंगल कार्यालय सुरू केले आणि यंत्र कोपऱ्यात गंजत पडले, तर सज्जतेची भाषा चालत नाही. देखभालीचे बिल, पावसाळ्यातल्या चौकीदाराचा पगार, महावितरणचे किमान शुल्क भरलेले बिल, हंगामापूर्वी चाचणी घेतल्याची नोंद, हे कागद यंत्र जिवंत होते असे सांगतात.

चाचणीची नोंद तर दुहेरी उपयोगाची आहे. समजा एखाद्याने २० लाखांची नवी यंत्रसामग्री सप्टेंबरमध्ये आणली. ती २५ सप्टेंबरला बसवून, वीज भार मंजूर करून, जुन्या साठ्याच्या कापसावर चालवून पाहिली, तर १८० दिवस भरतात. १५ टक्क्यांनी तीन लाखांचा घसारा त्याच वर्षी मिळतो. तीच यंत्रे पहिला कापूस येईपर्यंत झाकून ठेवली आणि १५ नोव्हेंबरला सुरू केली, तर दीड लाख. जुनी कररचना निवडलेल्या उत्पादकाला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसाराही असतो. तिथे हा फरक ७ लाख विरुद्ध साडेतीन लाख असा होतो. अतिरिक्त घसाऱ्यातला उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी मिळतो, हे २०१५ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केले. जिनिंग हे उत्पादन आहे का, अशी शंका काही जण काढतात. कापसापासून रुई आणि सरकी हे दोन वेगळे जिन्नस तयार होतात, म्हणून ती उत्पादन प्रक्रियाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली पंजाबच्या विक्रीकराच्या प्रकरणात म्हटले आहे. तो निकाल विक्रीकराचा होता हे लक्षात ठेवून आपल्या सल्लागाराशी बोलावे. अतिरिक्त घसारा सेकंडहँड यंत्राला, कार्यालयातल्या उपकरणांना आणि रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांना मिळत नाही.

वाहनांचे प्रकरण वेगळे आणि जास्त गुंतागुंतीचे आहे. तोच ट्रक दोन माणसांच्या हातात दोन दरांचा होतो. भाड्याने माल वाहण्याचा धंदा करणाऱ्याकडे त्याला ३० टक्के, आणि स्वतःच्याच डाळ मिलची तूर वाहणाऱ्याकडे १५. अमरावती ते अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नोंद झाली. अशा कामावर ठेकेदाराचे स्वतःचे टिप्पर असले तर त्यांना १५ टक्के, आणि भाड्याने लावलेल्या टिप्परवर त्याच्या मालकाला ३०. वाहन कुणाच्या नावावर नोंदलेले आहे यापेक्षा खरा मालक कोण आणि ते कोणत्या धंद्यात राबते याला महत्त्व आहे. भाडेपट्ट्याने ट्रक देणाऱ्या आयसीडीएस या कंपनीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केले: आरटीओच्या पुस्तकात ग्राहकाचे नाव असले तरी मालकी कंपनीची, म्हणून घसारा तिचा. भागीदाराच्या नावावर घेतलेली पण पेढीच्या पैशातून आलेली, पेढीच्या ताळेबंदात दाखवलेली आणि पेढीच्याच कामाला लागलेली गाडी या तत्त्वावर वाचू शकते. पण वाद ओढवून घेण्यापेक्षा नोंदणीच पेढीच्या नावाने करावी, हे सोपे.

वस्तू व सेवा कराची एक बाजू इथे सांगितलीच पाहिजे. पाच-सात जणांची मोटार घेतली तर तिच्यावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. तो कर किमतीत धरून त्यावर घसारा घ्यायचा. छोटा हत्ती किंवा मोठा ट्रक यांसारख्या मालवाहू वाहनावर क्रेडिट मिळते, आणि क्रेडिट घेतले की त्या रकमेवर घसारा नाही. दोन्ही घेतलेली पेढी पुढे दंडासह परत भरते.

आणि आता मार्चमधली गाडी. आकडे मांडतो. १० लाखांची मोटार २५ मार्चला घेतली. दर १५ टक्के, दिवस कमी म्हणून निम्मा, म्हणजे वजावट ७५,००० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस असेल तर उपकरासह वाचला कर २३,४००. त्यासाठी बँकेचे कर्ज, हप्ता, विमा. शिवाय ती गाडी घरच्या लग्नकार्यालाही फिरते, म्हणून अधिकारी त्यातला काही हिस्सा वैयक्तिक वापर धरून कापू शकतो, आणि कायदा त्याला तो अधिकार देतो. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे करच लागत नाही. ज्याचे उत्पन्न त्या मर्यादेच्या आत आहे त्याने कर वाचवायला गाडी घेतली, तर त्या वर्षी वाचतो शून्य. गाडीची गरज असेल तर अवश्य घ्यावी आणि घसारा हक्काने घ्यावा. फक्त करासाठी घेऊ नये. या बाबतीत माझे मत पक्के आहे, आणि ‘मार्च एंड’च्या जाहिरातींनी ते बदललेले नाही.

ज्यांच्यासाठी मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ते म्हणजे एक-दोन ट्रकांचे मालक. अकोल्याहून डाळ, तेल, रुई बाहेर जाते ती बहुतांशी याच लोकांच्या ट्रकांतून. दहापेक्षा जास्त मालवाहू वाहने नसतील तर त्यांना हिशेबवह्या न ठेवता ठोक उत्पन्न दाखवायची सोय आहे. एकूण वजन १२ टनांपेक्षा जास्त असलेल्या ट्रकला टनामागे महिन्याला १,००० रुपये, इतरांना वाहनामागे महिन्याला ७,५००. २८ टनी ट्रकाचे वर्षाचे ठोक उत्पन्न होते ३,३६,०००. सोय चांगली आहे, आणि ट्रकवाला समाधानाने म्हणतो, मी घसारा घेतलाच नाही. कायदा मात्र म्हणतो, घेतला. ठोक उत्पन्नात घसारा धरलेला आहे असे मानून ट्रकची किंमत वर्षागणिक ३० टक्क्यांनी कमी होत जाते. ३० लाखांचा ट्रक पाच पूर्ण वर्षांनंतर कायद्याच्या वहीत ५ लाख ४ हजारांच्या आसपास उरतो. बाजारात तो १२ लाखांना गेला आणि गटात दुसरा ट्रक नसला, तर ६ लाख ९६ हजारांचा अल्पकालीन भांडवली नफा. ज्याने तो ट्रक तोट्यात विकल्याच्या भावनेने विकला, त्याच्या हातात कराची मागणी पडते. हे आधी माहीत असेल तर विक्रीचे वर्ष निवडता येते, त्याच वर्षी दुसरा ट्रक घेऊन गट चालू ठेवता येतो. माहीत नसेल तर काहीच करता येत नाही.

घसारा घ्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर असते, असाही समज आहे. २००० साली महेंद्र मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसेच म्हटले होते. त्यानंतर कायदा बदलला. २००२-०३ च्या निर्धारण वर्षापासून तुम्ही मागा वा न मागा, घसारा वजा झालाच असे धरले जाते. नफा कमी दिसला तर बँक कर्ज देणार नाही म्हणून घसारा न दाखवणारे आजही आहेत. त्यांच्या यंत्राची किंमत कायद्याने तरीही उतरतेच, फायदा तेवढा हातचा जातो. पुरेसा नफा नसेल तर न वापरलेला घसारा पुढच्या वर्षांत नेता येतो, त्याला वर्षांची मर्यादा नाही. धंद्यातल्या तोट्याला मात्र आठ वर्षांचीच मुदत आहे.

रोखीचा व्यवहार हे आपल्याकडचे जुने दुखणे. २०१७ च्या वित्त कायद्याने नियम केला: यंत्र किंवा वाहन घेताना एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही. जुने यंत्र, जुना ट्रक, जुना जनरेटर हा बाजार आपल्याकडे बहुतेक नोटांवर चालतो. आठ लाखांचा जुना ट्रक रोखीने घेणाऱ्याला घसाऱ्यासाठी ट्रकची किंमत शून्य. शिवाय दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्या विक्रेत्यावर तेवढ्याच रकमेच्या दंडाची टांगती तलवार. धनादेशाने दिले असते तर पहिल्याच वर्षी दोन लाख चाळीस हजारांची वजावट मिळाली असती. दराची घासाघीस करून जेवढे वाचते त्याहून कितीतरी जास्त इथे जाते.

अनुदानाचेही एक गणित आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आज खेड्यापाड्यांत चालते, आणि सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असे अनुदान ठरवले गेले. २० लाखांच्या प्रक्रिया यंत्रावर ७ लाखांचे अनुदान आले, तर घसारा २० वर नाही, १३ वर. एकेकाळी असे नव्हते. मागास भागातल्या उद्योगाला मिळालेले अनुदान किमतीतून वजा करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पी. जे. केमिकल्सच्या प्रकरणात ठरवले होते. १९९८ मध्ये कायद्यात स्पष्टीकरण घालून सरकारने ते फिरवले. नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिथे येणाऱ्या नव्या उद्योजकांनी अनुदानाच्या पत्राची एक प्रत आपल्या घसाऱ्याच्या फाइलमध्येच लावावी.

अनुदानावरून एक सल बोलून दाखवतो. २०१५ ते २०२० या काळात केंद्राने काही मागास भागांतल्या नव्या कारखान्यांना अतिरिक्त घसारा २० ऐवजी ३५ टक्के दिला. आंध्र प्रदेश, तेलंगणा, बिहार आणि पश्चिम बंगालमधले जिल्हे त्यात होते. विदर्भ नव्हता. अनुशेषावर इतकी वर्षे बोलणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींनी या कलमासाठी जोर लावायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे दोनच वाक्ये. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे स्वतःच्याच शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या घसाऱ्याचा आयकरात उपयोग नाही. तोच ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर इतरांच्या शेतात भाड्याने जात असेल तर तो व्यवसाय, आणि त्या प्रमाणात घसारा आहे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला. साठ वर्षांहून अधिक काळ सल्लागारांच्या तोंडी बसलेले कलम ३२ आता कलम ३३ झाले. मागील वर्ष आणि निर्धारण वर्ष या जोडीऐवजी एकच कर वर्ष आले. गट, उरलेली किंमत आणि १८० दिवस ही चौकट तीच आहे. नव्या कररचनेत राहणाऱ्याला नेहमीचा घसारा मिळतो, अतिरिक्त घसारा मिळत नाही. म्हणून मोठे यंत्र घेण्याच्या वर्षी दोन्ही रचनांचा हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. नव्या रचनेतून एकदा बाहेर पडून परत आलेल्या व्यावसायिकाला पुन्हा बाहेर जाता येत नाही.

वाचकाला एकच विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी गेल्या वर्षीच्या आपल्या विवरणपत्रातला घसाऱ्याचा तक्ता सल्लागाराकडून मागून घ्या आणि तो हातात धरून आपल्या आवारात एक फेरी मारा. तक्त्यात आहे ते आवारात आहे का, आवारात आहे ते तक्त्यात आहे का, आणि प्रत्येकाला दर कोणता लागला आहे, एवढे पेन्सिलने टिपा. जिथे जुळणार नाही तिथली खूण घेऊन सल्लागाराकडे जा, आणि हे काम मार्चमध्ये करू नका, सप्टेंबरमध्ये करा.